महागडी हॉकी स्टिक घेतल्याने खेळात खरोखर फरक पडतो का?

मधलीफळी यांचा प्रश्न

नमस्कार. मी टर्फवर नियमित खेळतो आणि माझी जागा सेंटर हाफची आहे. चेंडू अडवायचा, मान वर करून पाहायचे आणि तो पुढच्या माणसाला द्यायचा, हेच माझे मुख्य काम असते. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी मी फार तर चेंडू थांबवायला उभा राहतो. माझ्या सध्याच्या स्टिकची खालची कड रिव्हर्सने (स्टिक उलटी फिरवून) टॅकल करून करून इतकी झिजली आहे की रंगाचा थर जाऊन आतले तंतू उघडे पडले आहेत. परवाच्या सामन्याआधी पंचांनी त्या कडेवरून बोट फिरवून पाहिले आणि ही स्टिक लवकरात लवकर बदला, असे स्पष्ट सांगितले.

नवी घ्यायची म्हणून पाहिलेल्या दोन स्टिक एकाच कंपनीच्या आहेत आणि रंगसंगती सोडली तर दिसायलाही सारख्याच आहेत. एकीवर ३० टक्के कार्बन असे छापले आहे, दुसरीवर ९५ टक्के. आणि दुसरीची किंमत पहिलीच्या जवळजवळ चौपट आहे. संघातल्या मित्रांत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की स्टिक वर्षानुवर्षे वापरायची असते, तेव्हा तिथे हात आखडता घेऊ नये. दुसऱ्याच्या मते हा सगळा नावाचा आणि रंगाचा बाजार आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच की चौपट पैसे मोजून नेमके काय हाती लागते, आणि माझ्यासारख्या मधल्या फळीतल्या खेळाडूला त्याचा उपयोग किती?

कार्बनथर यांचे उत्तर

खेळाडू म्हणून मी सामान्यच आहे, पण तंतू आणि रेझिन (तंतूंना जोडणारे, तापवले की कडक होणारे चिकट द्रव्य) यांपासून वस्तू घडवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्या बाजूने लिहितो.

आजची स्टिक आतून बहुधा पोकळ असते. रेझिनमध्ये भिजवलेल्या तंतूंचे पट्टे एका लांबट फुग्याभोवती थरावर थर गुंडाळतात, ते सगळे साच्यात ठेवतात, फुगा हवेने फुगवतात आणि साचा तापवतात. रेझिन कडक झाले की स्टिक तयार होते. या पट्ट्यांत काही काचतंतूंचे असतात, काही कार्बनचे आणि काही वेळा अॅरामिड या चिवट कृत्रिम तंतूचे. कार्बनच्या तंतूचा ताठपणा साध्या काचतंतूच्या सुमारे तिप्पट असतो आणि घनता मात्र त्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे कार्बन वाढवला की तेवढ्याच वजनात स्टिक अधिक ताठ करता येते, किंवा तेवढाच ताठपणा कमी वजनात मिळवता येतो. कार्बन काचतंतूपेक्षा महाग आहे, त्यामुळे किंमत वाढण्यामागे खरे कारण आहे. सगळाच नावाचा बाजार आहे असे म्हणणे बरोबर नाही.

आता ताठपणाचा फायदा काय, ते पाहू. चेंडू आणि स्टिक यांचा स्पर्श अत्यंत अल्पकाळ टिकतो. त्या क्षणी स्टिक किंचित वाकते आणि थरथरू लागते. तिच्यात साठलेली ऊर्जा परत येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो, म्हणून ती चेंडूच्या कामी येत नाही. स्टिक जितकी ताठ, तितकी ही गळती कमी. मात्र या फायद्याला दोन मर्यादा आहेत. चेंडूचा वेग मुख्यतः ठरतो तो फटक्याच्या क्षणी स्टिकचे वळण (चेंडूला लागणारे खालचे वाकडे टोक) किती वेगाने फिरते आहे यावर, आणि तो वेग आपल्या मनगटातून, खांद्यातून आणि पावलांतून येतो. दुसरी मर्यादा नियमाची आहे: आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमांनुसार चाचणीत चेंडूचा वेग स्टिकच्या वेगाच्या ९८ टक्क्यांहून अधिक जाता कामा नये. ट्रॅम्पोलिनसारखी चेंडू उसळवणारी स्टिक कोणी बनवलीच, तर ती मैदानात चालणार नाही. कंपन्यांची चढाओढ या मर्यादेच्या आतच चालते, हे जाहिरात वाचताना लक्षात ठेवावे.

छापलेल्या टक्केवारीविषयीही सावध करतो. ९५ टक्के म्हणजे कशाच्या ९५ टक्के, हे स्टिकवर सहसा लिहिलेले नसते. रेझिनचे वजन त्यात धरले आहे की फक्त तंतूंचे, हे कळायला मार्ग नसतो, म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय तंतू कोणत्या दिशेने घातले आहेत याला फार महत्त्व असते. दांड्याच्या लांबीला समांतर घातलेले तंतू वाकण्याला विरोध करतात, तिरके घातलेले पिळवटण्याला. तेवढाच कार्बन वेगळ्या दिशांनी घातला तर हातात वेगळी स्टिक येते. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत मात्र टक्केवारीवरून ताठपणाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, कारण तिथे साचा बहुधा एकच असतो आणि फरक थरांचा असतो. आपल्या दोन स्टिक दिसायला सारख्या आहेत त्याचे कारण हेच असावे. तसे असेल तर वळण, बो (दांड्याची कमान) आणि कडेची जाडी या बाबतींत दोन्ही सारख्याच असतील, आणि आपण जास्तीचे पैसे मोजाल ते ताठपणासाठी व कदाचित थोड्या कमी वजनासाठी.

शॉर्टकॉर्नर यांचे उत्तर

कार्बनथर यांनी सांगितलेले शास्त्र मान्य आहे, पण त्यावरून महागडी स्टिक म्हणजे चैन असा अर्थ कोणी काढू नये. मी संघासाठी पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिक, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे फेकण्याचा फटका, घेतो, आणि माझ्या कामात महागड्या स्टिकचा फरक स्पष्ट जाणवतो. फ्लिक घेताना चेंडू दांड्याच्या खालच्या भागाला चिकटून बरेच अंतर ओढत न्यावा लागतो. त्या काळात पूर्ण शरीराचा रेटा स्टिकवर असतो. लवचिक स्टिक या रेट्याखाली मागे राहते आणि चेंडू सुटायचा क्षण हाताला नेमका कळत नाही. ताठ स्टिकमध्ये तो कळतो. गोलरक्षकाच्या डाव्या पॅडच्या वर की खांद्याच्या बाजूला, हे शेवटच्या क्षणी ठरवायचे असते, तेव्हा ही खात्री फार मोलाची असते.

तरीही माझ्या फ्लिकमधला मोठा फरक कार्बनने केला नाही, बोने केला. स्टिक सपाट बाजू खाली करून टेबलावर ठेवली की तिच्याखाली जी कमान राहते, तिला बो म्हणतात. नियमानुसार ही कमान २५ मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि तिचा सर्वांत उंच बिंदू वळणाच्या तळापासून २०० मिलिमीटरच्या आत येऊ नये. फ्लिकच्या स्टिकमध्ये कंपन्या या दोन्ही मर्यादांच्या अगदी कडेपर्यंत जातात, कारण कमान जितकी खाली आणि खोल, तितका चेंडू दांड्यात नीट बसतो.

आपण सेंटर हाफ आहात, म्हणून मुद्दाम एक धोका सांगतो. बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत महागड्या स्टिकमध्ये अशा खालच्या बोचे प्रकार जास्त असतात, कारण नामवंत फ्लिकर त्या हातात घेऊन छायाचित्रांत दिसतात. अशा स्टिकने सरळ हिट मारली की हात जराही मागे राहिला तरी चेंडू उचलला जातो. गोलसमोरच्या वर्तुळात गोलवर मारलेल्या फटक्याखेरीज हिट मुद्दाम उचलता येत नाही, आणि मधल्या फळीतून समोरच्या गर्दीत उडालेली हिट पंच सहज सोडत नाहीत. आपल्याला मैदानभर जमिनीलगत पास द्यायचे आहेत. तेव्हा महाग घ्या किंवा स्वस्त घ्या, पण बो मध्यम ठेवा.

जुनाप्रशिक्षक यांचे उत्तर

वरील दोघांनी फटका आणि फ्लिक यांविषयी लिहिले. हाफचे अर्धे आयुष्य चेंडू थांबवण्यात जाते, आणि तिथे ताठ स्टिकचा हिशेब उलटा होतो.

समोरच्या फुलबॅकने ओल्या टर्फवर जोरात मारलेला पास स्टिकवर आला की काय होते, ते जवळून पाहा. लवचिक स्टिक तो धक्का थोडा पोटात घेते आणि चेंडू पायाशी राहतो. ताठ स्टिकवर तोच चेंडू टक् असा कोरडा आवाज करून हातभर पुढे उडतो, आणि तेवढ्या हातभर अंतरात प्रतिस्पर्धी फॉरवर्डची स्टिक येऊन पोचते. पट्टीचे खेळाडू हा धक्का आपल्या हातांनी घेतात: खालचा हात सैल, स्टिक किंचित पुढे झुकलेली, आणि स्पर्शाच्या क्षणी मनगट मागे. ही सवय ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला ९५ टक्के कार्बन त्रास देत नाही. ज्याची पडलेली नाही, त्याला महागडी स्टिक घेतल्यावर पहिले काही सामने आपला खेळ अचानक बिघडल्यासारखे वाटते, आणि दोष कशाला द्यावा हे कळत नाही.

लाकडी स्टिकच्या काळात हा प्रश्न या रूपात नव्हता. तुतीच्या लाकडात थोडी दया उपजतच असायची, आणि गवतावर चेंडू तसाही उड्या मारत यायचा. १९७६च्या मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली, आणि त्यानंतर चेंडूचा वेग, पासची लांबी आणि पर्यायाने स्टिककडून असलेल्या अपेक्षा बदलत गेल्या. जमीन सपाट झाल्यामुळे चेंडू सरळ येतो हे खरे, पण तो वेगात येतो. म्हणून स्टिक निवडताना माझा पहिला प्रश्न नेहमी अडवण्याविषयी असतो. मारण्याविषयीचा प्रश्न नंतर येतो.

मी माझ्या खेळाडूंना एक चाचणी करायला लावतो, ती आपणही करावी. सहकाऱ्यांकडून वेगवेगळ्या किमतींच्या पण सारख्या लांबीच्या काही स्टिक मागून घ्या, दांड्यावर वर्तमानपत्र गुंडाळून नाव आणि टक्केवारी झाका, आणि शक्य असेल तर सगळ्यांना सारखीच ग्रिप लावा. मग धावता धावता दोन्ही बाजूंनी जोराचे पास घ्या, रिव्हर्सनेही घ्या, आणि प्रत्येक वेळी चेंडू स्टिकपासून किती दूर जातो ते दुसऱ्या कोणाला पाहायला सांगा. त्यानंतर लांब हिट आणि पुश (स्टिक मागे न उचलता ढकललेला चेंडू) मारा. आवडलेली स्टिक बाजूला काढल्यावरच कागद सोडा. खेळाडू ज्या स्टिकची वाखाणणी करतात ती पुष्कळदा मधल्या किमतीची निघते. अगदी स्वस्त क्वचित निघते, हेही सांगायला हवे.

लहान मुलांच्या पालकांसाठी एवढेच लिहितो की वाढत्या वयात लांबी सतत बदलावी लागते, आणि दोन्ही हातांची ताकद अजून यायची असते. त्यांना हलकी, योग्य लांबीची, बहुतांशी काचतंतूची स्टिक द्यावी. उंच मुलाची जुनी महागडी स्टिक लहानग्याच्या हातात दिली तर तो ग्रिप सोडून खाली धरतो आणि पाठ ताठ ठेवून खेळायला शिकतो. ती सवय पुढे सुटत नाही.

मधलीफळी

सर्वांचे आभार. बोचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. दोन्ही स्टिक पुन्हा पाहिल्या, त्यांचा बो मध्यम आहे आणि साचा एकच आहे असे विक्रेत्यानेही सांगितले. माझ्या मित्रांचा मुख्य युक्तिवाद मात्र टिकाऊपणाचा आहे. त्यांच्या मते महागडी स्टिक दुप्पट टिकली तर किमतीतला बराच फरक भरून निघतो. हे खरे मानावे का? आणि वजनाचे काय? हलकी ५३० ग्रॅमच्या आसपास आहे, दुसरी ५५०च्या. एवढ्याने काय फरक पडणार, असे मला वाटते.

कार्बनथर

टिकाऊपणाचा युक्तिवाद मला पटत नाही. कार्बनचा तंतू ताठ असतो, पण काचतंतू तुटण्याआधी जितका ताणला जातो तितका कार्बन ताणला जात नाही. चेंडू सपाट बाजूवर येत राहिला तर दोन्ही प्रकारच्या स्टिक उत्तम टिकतात. पण हॉकीत स्टिकवर स्टिक आदळते, आणि तीही कडेवर. दुसऱ्याच्या स्टिकची कड आपल्या दांड्यावर जोरात बसली की वरचा रंग शाबूत राहूनही आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात. म्हणूनच चांगले बनवणारे महागड्या स्टिकमध्येही थोडा अॅरामिड किंवा काचतंतू मुद्दाम ठेवतात. आपण टॅकल जास्त करता, म्हणजे आपली स्टिक असे घाव जास्त खाणार.

थर सुटले आहेत का हे ओळखायचे असेल तर नाण्याने दांड्यावर वरपासून खालपर्यंत हलके ठोकत जावे. आवाज एकसारखा खणखणीत येत असताना एखाद्या जागी तो बद्द झाला, तर तिथे आत काहीतरी सुटले आहे. अशी स्टिक लगेच मोडेलच असे नाही, पण तिच्या ताठपणासाठी दिलेले पैसे मात्र तिथेच संपले. हमीपत्र वाचून पाहा. ते साधारणपणे बनावटीतल्या दोषांपुरते असते, स्टिकवर स्टिक बसून गेलेला तडा त्यात धरत नाहीत.

कडेची झीज तर किमतीला मुळीच जुमानत नाही. वाळू भरलेल्या टर्फवर रिव्हर्सची कड घासली जाते ती महागड्या स्टिकचीही तितकीच. झिजणाऱ्या जागेवर सुरुवातीपासून पातळ टेप लावावी आणि ती फाटली की बदलावी. टेपसह पूर्ण स्टिक ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार गेली पाहिजे, एवढा नियम पाळावा. तंतू उघडे पडेपर्यंत थांबू नये, कारण तिथून पाणी आत शिरते, आणि धारदार कडेचा धोका समोरच्या खेळाडूच्या नडगीला असतो. उन्हात बंद गाडीत स्टिक ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडावी; उष्णतेने रेझिन थकते.

वजनाविषयी मात्र आपण २० ग्रॅमना कमी लेखू नये. नियमाने स्टिक ७३७ ग्रॅमपर्यंत जड चालते, पण आज तेवढी जड कोणी वापरत नाही. प्रश्न हा आहे की ते २० ग्रॅम कुठे आहेत. ग्रिपकडे असले तर जाणवणारही नाहीत. वळणाकडे असले तर रिव्हर्सला स्टिक फिरवताना प्रत्येक वेळी जाणवतील. स्टिक एका बोटावर आडवी तोलून पाहा. दोन्हींचा तोल कुठे येतो, हे काट्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त सांगेल.

गोलपोस्टमागे यांचे उत्तर

थोडे व्यावहारिक लिहितो. दरवर्षी नवी मालिका येते आणि पुष्कळदा तिच्यात फक्त रंग बदललेला असतो. आधीच्या वर्षाची तीच स्टिक विक्रेत्याकडे शिल्लक असेल तर ती कमी किमतीत मिळते, आणि मधल्या किमतीत वरच्या दर्जाची वस्तू हाती येते. साचा आणि बो यांचे आकडे जुळवून घ्यावेत, म्हणजे झाले.

दुसरे असे की हाफच्या पिशवीत सारख्याच दोन स्टिक असाव्यात. सामना सुरू असताना एक मोडली आणि दुसरी वेगळ्या बोची किंवा वेगळ्या वजनाची निघाली, तर पुढचा सगळा खेळ अंदाजाने खेळावा लागतो. एका महागड्या स्टिकच्या किमतीत मधल्या दर्जाच्या दोन येतात. त्यातूनही काही उरले तर आधी बुटांचे तळ पाहावेत. घसरणाऱ्या पायांवर कोणतीच स्टिक उपयोगी पडत नाही, आणि दातांचे कवच नसताना स्टिकवर खर्च करणाऱ्यांचे तर मला नेहमीच नवल वाटते.

शॉर्टकॉर्नर

दोन सारख्या स्टिकच्या सूचनेला माझे अनुमोदन आहे. मी स्वतः तेच करतो, फक्त माझ्या दोन्ही महाग आहेत. एक गोष्ट तेवढी नोंदवून ठेवतो. अगदी कमी कार्बनच्या स्टिकवरून मधल्या दर्जाकडे गेलात तर हिटच्या लांबीत फरक दिसतो आणि पुश अधिक ठाम जातो. मधल्यावरून सर्वांत वरच्या दर्जाकडे जाताना किमतीचा टप्पा मोठा असतो आणि फरकाचा लहान. तो लहान फरक ज्याच्या कामाचा आहे त्याने जरूर घ्यावा. ३० आणि ९५ यांच्यामध्ये त्याच साच्याची ५० ते ७० टक्क्यांची स्टिक त्या कंपनीकडे आहे का, हे आपण विचारलेत का?

मधलीफळी

विचारले. ६० टक्क्यांची आहे, मागच्या वर्षीच्या रंगात, आणि तिची किंमत ३० टक्केवालीच्या दुपटीच्या आतच आहे. मागवण्याआधी जुनाप्रशिक्षक यांनी सांगितलेली चाचणी करावी म्हणून संघातल्या एका फॉरवर्डकडून तीच स्टिक रविवारी मागून घेणार आहे. तिचा तोल माझ्या जुन्या स्टिकपेक्षा बोटभर खाली येतो असे तो म्हणाला. रिव्हर्सला ती जड वाटली तर ग्रिपखाली वजन वाढवून तोल वर आणता येतो का?

जुनाप्रशिक्षक

येतो, पण त्याने एकूण वजन वाढते आणि वळणाकडचे वजन जिथल्या तिथे राहते, त्यामुळे हाताला पडणारा भार कमी होत नाही. तो फक्त वेगळा वाटतो. त्याऐवजी खालचा हात थोडा आणखी खाली धरून अर्धा तास खेळून पाहा. तेवढ्याने जमले नाही, तर त्याच साच्याची हलक्या वजनाची आवृत्ती मागवावी. कंपन्या बहुधा एकच स्टिक दोन वजनांत बनवतात आणि विक्रेता मात्र एकच मांडून ठेवतो.